"घरचेच नकोसे झालेत, मी वाईट आहे का?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न मी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, एप्रिल-मेमध्ये, इतक्या जणींकडून ऐकला की फोन उचलताना पुढचं वाक्य मला पाठ असायचं, आणि घरून काम करणाऱ्यांकडून तो आजही येतो, म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

डोंबिवली, वन बीएचके, नवरा, बारावीचा मुलगा, सासूबाई. बाई मुंबईतल्या ऑफिसात अकाउंट्सला. 23 मार्चपासून लोकल बंद. कामवाली बंद, लॅपटॉप ओट्याशेजारी, हॉलमध्ये सकाळ-रात्र रामायण.

"मॅडम, लोकांची माणसं दवाखान्यात आहेत आणि माझी सगळी धडधाकट घरात आहेत तर मला ती नको झालीयेत. मुलाने 'मम्मी' हाक मारली की डोक्यात तिडीक जाते. मग रात्री रडते."

पहिल्या दोन फोनमध्ये मी चुकलेच. कामाची वाटणी करा, श्वासाकडे लक्ष द्या वगैरे सांगितलं, त्यांनी ते सगळं इमानदारीत केलं आणि त्यांच्या यादीत अजून दोन कामं वाढली, बाकी काही नाही. तिसऱ्या वेळी सहज विचारलं, सगळ्यात जास्त काय आठवतं?

"हसाल तुम्ही. सकाळची सीएसएमटी फास्ट."

हसले नाही मी. त्या सांगत सुटल्या, लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तर मिळाली, नाहीतर उभं, पण सव्वा तास कोणी काही मागत नाही, मटार सोला, झोपा, खिडकीबाहेर बघत बसा. जिला आपण सगळे शिव्या घालतो ती गर्दी या बाईची एकांताची जागा होती!

इतकी वर्षं या कामात आहे पण हे मला तेव्हा नीट कळलं. दमवतं ते काम नाही, दिवसभर कोणाच्यातरी हाकेच्या टप्प्यात असणं दमवतं. आणि त्यावर ही अपराधीपणाची फोडणी. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली, 'असं व्हायलाच हवं' या हट्टातून त्रास वाढतो असं तो म्हणायचा, त्यामुळे माझा कान नेहमी त्या हट्टी 'च'कडे असतो.

"चांगल्या आईला घरच्यांचा कंटाळा येताच कामा नये, हे कोणी सांगितलं?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"माझ्या आईला यायचा," त्या हळूच म्हणाल्या. "दुपारी मागच्या ओसरीवर गोधडी शिवत बसायची, आम्हाला तिथे यायला बंदी."

"मग ती वाईट होती?"

"छे! काहीतरीच काय मॅडम!" आणि स्वतःच गप्प झाल्या. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं, ते मला बरं जमतं.

मग विचारलं, आत्ता कुठून बोलताय? गच्चीच्या जिन्यावरून. म्हणजे जागा होतीच की! ठरलं, रोज आठ ते नऊ जिन्यावर, आणि घरात आधी सांगून. हे "आधी" फार महत्त्वाचं, भांडून दार आपटून गेलात की तो रुसवा होतो, मग समजूत काढायला मागून माणसं येतात. शांतपणे, चिडचिड नसताना, वेळ सांगून उठा आणि त्याच वेळेला परत या. कारण द्यायची गरज नाही. पहिले चार दिवस अपराधी वाटणारच, वाटू दे, म्हणून परत खाली येऊ नका. मात्र घरात मारहाण असेल, झोपच उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर जिन्यावर भागणार नाही, लगेच मदत घ्या, डॉक्टरांकडे जा.

त्यांनी घरी सांगितलं, "आठ ते नऊ मी लोकलमध्ये आहे." मुलगा खालून ओरडायचा, "मम्मी, ठाणे आलं का?" रविवारी गेल्या नाहीत तर नवरा म्हणाला, आज मेगाब्लॉक वाटतं.

21 ऑक्टोबरपासून बायकांना दुपारी आणि संध्याकाळी सातनंतर लोकल उघडली, यांचं ऑफिस मात्र घरीच राहिलं. शेवटच्या फोनवर मी विचारलं, जिना चालू आहे ना?

"माझा आठचा आहे. साडेनऊला सासूबाई जातात. खुर्ची घेऊन."