वकिलांनी भरपाईत वाटा मागितला तर?

प्रश्न : माझे पती अपघातात गेले. मोटार अपघात न्यायाधिकरणाने १८ लाख रुपये भरपाई मंजूर केली. त्याविरुद्ध विमा कंपनी आता उच्च न्यायालयात गेली आहे. आमचे वकील म्हणतात, 'ठरल्याप्रमाणे वीस टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार द्या. तोवर फाइल मिळणार नाही.' सुरुवातीला त्यांनी माझ्याकडून एक कोरा चेक सही करून घेतला होता. मला वकील बदलायचा आहे. भाऊ ग्राहक मंचात जा म्हणतो. वकिलांचा खर्च विमा कंपनीकडून मिळेल का?

उत्तर : ताई, आधी फाइलचं बोलू, कारण अपील थांबून राहणार नाही. फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट सांगितलं आहे. फीसाठी त्यांना स्वतंत्र दावा लावता येतो, पण कागद तुमचे आहेत. त्यांना रजिस्टर्ड पोस्टाने पत्र लिहा, फाइल मागा आणि घेतलेल्या पैशांचा लेखी हिशेबही मागा. अशिलाने मागितल्यावर हिशेबाची प्रत देणं बार कौन्सिलच्या नियमांनुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तराची वाट बघत बसू नका. न्यायाधिकरणात नकलेचा अर्ज करा. निकालपत्र, जबाब, वैद्यकीय कागद, सगळ्याच्या प्रमाणित प्रती तुम्हाला स्वतःला काढता येतात. अपील हे वेगळं प्रकरण आहे. तिथे या वकिलांनी तुमचं वकीलपत्र दाखल केलं नसेल, तर नव्या वकिलांना त्यांच्या ना हरकतीसाठी अडून राहावं लागत नाही.

आता टक्केवारी. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला विसावा नियम सांगतो. बी. सुनीता विरुद्ध तेलंगण राज्य हा २०१७ चा निकाल जवळजवळ तुमचाच आहे. तिथेही अपघाताची भरपाई, टक्केवारीची फी आणि वकिलांच्या हातात अशिलाचा चेक होता. चेक न वटल्याची फौजदारी तक्रार सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि असा वाटा मागणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्यामुळे घाबरू नका. मात्र चेक बँकेत टाकला गेला आणि नोटीस आली, तर ती बाजूला ठेवू नका. पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या आणि त्यात या निकालाचा उल्लेख करा.

याचा अर्थ त्यांना काहीच द्यायचं नाही, असा मी अजिबात काढणार नाही. त्यांनी काम केलं आहे, साक्षीपुरावे नोंदवले आहेत. टक्केवारी बेकायदा असली तरी कामाचा वाजवी मोबदला त्यांचा आहे. तो ठरवून बँकेमार्फत द्या आणि पावती घ्या. ऐकलंच नाही, तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करा. ग्राहक मंचाचा रस्ता मात्र बंद आहे: वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरवलं.

विमा कंपनीकडून खर्च? निकालपत्रात 'खर्चासह' असा शब्द आहे का ते बघा. असला तरी नियमात बसेल तेवढाच मिळेल, तुम्ही खरोखर दिलेली फी नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात प्रत्यक्ष झालेला ४५ लाख २८ हजारांचा खर्च देवविला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो टिकवला नाही.

या सगळ्यात मला सर्वात जास्त खटकतं ते एकच, की काम हाती घेतानाच फीचा लेखी अंदाज देण्याचं बंधन आपल्याकडच्या वकिलांवर नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स आणि व्हिक्टोरिया राज्यांत २०१५ पासून लागू असलेल्या कायद्यात, छोटी कामं सोडली तर, वकिलाला अंदाजे खर्च आधी कळवावा लागतो. न कळवल्यास फीचा करारच रद्द ठरतो. इथे ती विचारणा अशिलालाच करावी लागते, आणि दुःखात असलेल्या बाईला ती सुचत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. म्हणून नव्या वकिलांकडून पहिल्याच भेटीत लिहून घ्या: अपिलाची एकूण फी किती, टायपिंग आणि झेरॉक्स त्यात धरलंय का, तारीख पुढे गेली तर जादा द्यावं लागेल का, निम्म्यात वकील बदलला तर किती परत मिळेल. कोरा चेक कुणालाही देऊ नका.

खाजगी वकील परवडत नसेल, तर उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्जासोबत निकालपत्राची प्रत आणि अपिलाची आलेली नोटीस जोडा.