गावाजवळच्या जुन्या बंद खदानीत आत जायचं आहे, काय तयारी करू?

तुमसरकडची इंग्रजांच्या काळातली मॅंगनीज खदान, डोंगरात शिरलेला बोगदा; दोन मित्र, दोरी आणि टॉर्च पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. आत जाऊच नका. मी भूमिगत खदानीत मेट, म्हणजे कामावर देखरेख करणारा, होतो, म्हणून कळकळीने सांगतो.

टॉर्चने अंधार जातो, हवा कळत नाही. चालू खदानीत हवा खेळती ठेवावी लागते. बंद खदानीत लाकडी टेकू कुजतात, ऑक्सिजन खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो जड, त्यामुळे खोलगट जागी साचतो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. 16-17 वर दिवा विझतो, 10 च्या खाली माणूस कोसळतो. वास नाही, धूर नाही. विहिरीचा गाळ काढायला उतरलेला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, अशा बातम्या आपण वाचतोच. मित्र सोबत असले की नेमकं हेच घडतं. त्यात पावसाळी हवेत बाहेरचा दाब उतरला की आतली कोंडलेली हवा तोंडाकडे सरकते. काल ठीक वाटलेली जागा आज ठीक असेलच असं नाही.

दुसरं, छत. पाळी सुरू करताना आम्ही सब्बलने छत ठोकायचो. भरीव दगड खणखणीत वाजतो. आवाज बद्द आला की वर फट सुटलेली. मग बाजूच्या पक्क्या छताखाली उभं राहून तो दगड आधी पाडायचा. तुमच्या खदानीत हे कित्येक वर्षांत कुणी केलेलं नसणार. अस्वल आणि आग्या मोहोळ यांचं वेगळं सांगायला नको.

बघायचंच असेल तर बाहेरचा डंप, म्हणजे टाकाऊ दगडांचा ढीग, बघा, खरंच बघण्यासारखा असतो. बायका हातोडीने दगड फोडून माल निवडायच्या, त्यातला टाकलेला माल तिथेच पडलेला असतो. काळा, हातात घेताच अंदाजापेक्षा जड लागतो तो मॅंगनीजचा. पिवळट-तपकिरी बारीक दाण्यांचा दिसला तर गोंडाइट, मॅंगनीजसोबत सापडणारा खडक. ते दाणे गार्नेट नावाच्या खनिजाचे. भूगर्भशास्त्र शिकत असाल तर कॉलेजमार्फत मॉईल या सरकारी मॅंगनीज कंपनीकडे चिखल्याची चालू खदान बघायची परवानगी मागून बघा.

आणि बोगद्याच्या तोंडाला कुंपण नसेल तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या. उन्हाळ्यात गुराखी पोरं सावलीसाठी अशाच जागी बसतात.