मेंदूतल्या फुग्याचं ऑपरेशन : शिरेतून भूल की वासाची?

तुम्ही विचारलंय, आईंच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय, कवटी उघडून क्लिप लावणार आहेत, तर शिरेतली भूल चांगली की वासाची? मी सोलापुरात भूलतज्ज्ञ आहे, म्हणून लिहितो.

कमरेतल्या इंजेक्शनची अर्धी भूल इथे चालत नाही, पूर्णच लागते. ती प्रोपोफॉल शिरेतून सतत सोडून देता येते, नाहीतर सेव्होफ्लुरेनसारखा वायू श्वासातून. प्रोपोफॉलने मेंदूकडे जाणारं रक्त आणि मेंदूची प्राणवायूची गरज दोन्ही घटतात. मेंदू सैल पडतो, सर्जनला फुग्यापर्यंत पोचायला जागा मिळते. वायूची मात्रा वाढली की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, मग ही जागा कमी होते. शिवाय ऑपरेशन चालू असताना हातापायांना जाणारे संदेश यंत्रावर पाहायचे असतील, तर वायू ते क्षीण करतो. अशा वेळी, किंवा मेंदू सुजलेला असेल तेव्हा, मी प्रोपोफॉल घेतो. एरवी दोन्हींनी रुग्ण बरे होतात. एकच सरस असं सिद्ध झालेलं नाही.

मला खरी धास्ती असते बीपीची. घशात नळी घालताना आणि डोकं पिनांनी पक्कं करताना बीपी उसळतं, आणि फुगा त्याच क्षणी फुटू शकतो. फार उतरलं तर मेंदूला रक्त पुरत नाही. म्हणून भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा आईंच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सोबत न्या. तंबाखू, मिश्रीचंही सांगा. आपल्याकडे बायका मिश्रीचं डॉक्टरांपुढे बोलत नाहीत, मुलासमोर तर नाहीच. घरातल्या बाईमाणसाला विचारायला सांगा.

आणखी एक. ऑपरेशन संपलं की जमेल तितक्या लवकर जागं करून आम्ही हात उचलायला सांगतो, मेंदूला इजा झाली का ते त्यावरून कळतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीतल्या, एक आजी मराठीत कितीदा सांगूनही नुसत्या बघत राहिल्या. माझ्या पोटात गोळा आला. मग नर्सने तेलुगूत ‘चेय्यि एत्तंडी’ म्हटलं आणि त्यांनी दोन्ही हात उचलले. आई घरात कोणती भाषा बोलतात, ते आधीच सांगून ठेवा.