बांदिवड्याचे दगडी खांब आणि मुलांची पहिली चढाई

प्रश्न : सुट्टीत नऊ आणि बारा वर्षांच्या मुलांना एक दिवस प्रस्तरारोहणासाठी न्यायचे आहे. पन्हाळा तालुक्यातील बांदिवडे येथील दगडी खांबांवर त्यांना चढू द्यावे का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : बांदिवड्याला मुलांना अवश्य न्यावे, पण त्या खांबांवर चढू देऊ नये. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेला लाव्हा थिजताना आकसला आणि, तळ्यातला गाळ सुकताना भेगाळतो तसा, पृष्ठभागापासून आत तडकत गेला. त्यातून असे बहुकोनी खांब घडतात. चढणाऱ्याला बोटे रोवण्यासाठी सोयीची वाटणारी फट ही मुळात एका खांबाला दुसऱ्यापासून अलग करणारी भेग असते, आणि ऊनपावसाने झिजलेल्या खांबाचा तुकडा केव्हा सुटेल, हे खालून पाहून अनुभवी गिर्यारोहकालाही सांगता येत नाही. शिवाय निखळलेला खांब पुन्हा उभा राहत नाही. जिल्ह्यातला असा ठेवा जपणे मला चढाईच्या आनंदाहून मोलाचे वाटते.

चढाईसाठी बेळगावमार्गे बदामी गाठावी. आदल्या रात्री तिथे मुक्काम केल्यास पूर्ण दिवस हाती लागतो. तिथला तांबूस वालुकाश्म थरांचा असल्याने आडव्या खाचा आणि कंगोरे भरपूर मिळतात. चालुक्यांच्या लेण्यांचा व इतर संरक्षित वास्तूंचा परिसर मात्र पूर्णपणे वगळावा. भिजलेला वालुकाश्म ठिसूळ होतो, म्हणून हिवाळ्यातले कोरडे दिवस निवडावेत.

प्रशिक्षक स्थानिक आणि अनुभवी असावा. दोर वरच्या भक्कम आधारातून खाली आलेला असावा, म्हणजे हात सुटला तरी मूल फारसे खाली न येता दोरावरच तोलून राहते. हार्नेस, म्हणजे दोर अडकवण्यासाठी कंबर व मांड्यांभोवती बांधायचे पट्टे, मुलांच्या मापाचे असावे, आणि खाली उभ्या असलेल्यांनीही हेल्मेट घालावे. कड्यांवर आग्या मोहोळ असते, हा धोका पालक सहसा विसरतात. मोहोळ दिसल्यास ती भिंत सोडून द्यावी. जवळपास धूर किंवा आरडाओरडा करू नये आणि अत्तर लावून जाऊ नये.

मूल दहा फुटांवरून ‘उतरवा’ म्हणाले, तर आग्रह न करता त्याला लगेच खाली घ्यावे; थोड्या वेळाने बहुतेक मुले आपणहून पुन्हा दोर मागतात.