वाचकांचे प्रश्न : ल्योंचा रेशमी स्कार्फ आणि त्यामागचे हात

रेशमी स्कार्फविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या शंकांचे मूळ बहुतांशी त्यातच आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने पॅरिसहून एर्मेस या कंपनीचा रेशमी स्कार्फ आणला. कापड जेमतेम वारभर आणि किंमत चारशे युरोंहून अधिक. हा हाताने बनवलेला असतो असे तो सांगतो. नेमके काय हाताने होते? की ही सगळी नावाचीच किंमत आहे? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : नावाची किंमत त्यात आहेच. दुकानाचा थाट, जाहिरात आणि ते नारिंगी खोके यांचा खर्च ग्राहकच भरत असतो. मात्र उरलेली किंमत कुठे जाते हे नीट दाखवता येते, आणि ती बहुतेकांना वाटते तिथे जात नाही.

रेशमी वस्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हातमाग येतो, आणि पैठणीच्या बाबतीत ते योग्यही आहे. या स्कार्फचे कापड मात्र यंत्रमागावर विणले जाते. ते ट्विल विणीचे असते, म्हणजे आडवा धागा उभ्या धाग्यांवरून पायरीपायरीने सरकत जातो आणि कापडावर बारीक तिरप्या रेषा उमटतात. या विणीमुळे कापड अंगासरशी पडते, गाठ मारली तरी फुगून राहत नाही आणि रंग खोल दिसतो. एर्मेसचा चौरस स्कार्फ ९० सेंटिमीटरचा आणि साधारण ६५ ग्रॅम वजनाचा असतो. घोड्यांचे साज बनवणारी ही पेढी १८३७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली आणि एर्मेस घराण्याचे जावई रोबेर द्युमा यांच्या पुढाकाराने तिचा पहिला रेशमी चौरस १९३७ मध्ये बाजारात आला. त्यावर पॅरिसच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या जुन्या घोडागाड्यांचा खेळ चितारलेला होता.

हे काम ल्यों शहराच्या परिसरात होते, आणि तसे होण्याला मोठा इतिहास आहे. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३६ मध्ये ल्योंमध्ये रेशीम विणण्याची सनद दिली. पुढे याच शहरात जन्मलेल्या जोसेफ मारी जाकार यांनी १८०४ च्या सुमारास नक्षी विणण्यासाठी छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारी यंत्रणा मागाला जोडली. येवल्यात ज्याला आज 'जॅकार्ड' म्हणतात ती यंत्रणा हीच. तिथल्या विणकरांना 'कान्यू' म्हणत. मजुरीच्या दरासाठी त्यांनी १८३१ मध्ये केलेला उठाव युरोपच्या कामगार इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. ल्योंमधल्या क्र्वा-रूस टेकडीवरच्या त्यांच्या घरांची उंच छते आजही दिसतात, कारण जाकारचे उंच माग घरातच बसवावे लागत. नंतर विणकाम यंत्रांकडे गेले, तरी रंगांची जाण, छपाईची शिस्त आणि चोखंदळ नजर त्या परिसरात टिकून राहिली.

आता हाताच्या कामाकडे येऊ. माझ्या मते या स्कार्फमधले सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित काम छपाईच्याही आधी होते, ते म्हणजे चित्रातील रंग सुटे करण्याचे. चित्रकाराचे मूळ चित्र रंगांनी काढलेले असते. त्यात छटा एकमेकींत मिसळतात, कुंचल्याचे फटकारे असतात, कुठे पाणी जास्त झालेले असते. छपाईच्या स्क्रीनमधून, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून, मात्र एका वेळी एकच सपाट रंग उतरतो. त्यामुळे रंग सुटे करणाऱ्या कारागिराला, ज्याला या धंद्यात 'कोरणारा' म्हणतात, ते चित्र वाचून ठरवावे लागते की घोड्याच्या आयाळीतला तपकिरी रंग तीन रंगांत भागवायचा की सात, गडद छटा रेषांनी दाखवायची की ठिपक्यांनी, आणि कोणता रंग दुसऱ्यावर किंचित चढवला तर तिसरा दिसेल. मग प्रत्येक रंगासाठी पारदर्शक फिल्मवर फक्त त्या रंगाचा भाग अपारदर्शक काळ्या शाईने हाताने काढला जातो. आज यातले बरेच काम संगणकाच्या पाटीवर लेखणीने होते, पण निर्णय तसेच माणसाच्या डोळ्यांनी घ्यावे लागतात. दोन रंगांमध्ये केसाएवढी फट राहिली तर पांढरी रेघ दिसते, आणि एक रंग दुसऱ्यावर जास्त चढला तर काळपट कड उमटते. पंचवीस-तीस रंगांचे चित्र असेल तर तितक्या फिल्म आणि तितक्याच स्क्रीन तयार कराव्या लागतात. काही चित्रांना चाळीसहून अधिक लागतात. एका चित्रासाठी शेकडो तास जातात, आणि या माणसाचे नाव स्कार्फवर कुठेही नसते.

चित्रकारांची नावे निदान रसिकांना ठाऊक असतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या वेको शहरात टपाल खात्यात रात्रपाळी करणारे चित्रकार कर्मिट ऑलिव्हर यांनी या कंपनीसाठी अनेक स्कार्फ चितारले. त्यांच्या चित्रांत पक्ष्यांची पिसे आणि जनावरांची लव इतकी बारीक असते की कोरणाऱ्याच्या हातांची खरी परीक्षा तिथेच होते.

त्यानंतरची छपाई 'ल्यों पद्धतीची' म्हणून ओळखली जाते. लांबच लांब टेबलावर कापड सुरकुतीशिवाय ताणून चिकटवतात आणि एकामागून एक स्क्रीन ठेवून डिंकात घट्ट केलेला रंग स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, ओढतात. आधी बाह्यरेषा येतात, मग लहान जागांचे रंग आणि मोठ्या पार्श्वभूमीचा रंग शेवटी. काही कारखान्यांत स्क्रीन यांत्रिक गाड्यावरून सरकते, तरी जुळणी पाहणारा माणूस टेबलापाशीच असतो. छापलेला रंग कच्चा असतो. तो वाफेत पक्का करतात, मग डिंक आणि जादा रंग धुऊन काढतात. वाफ दिल्यावर रंगाचे तेज बदलते, त्यामुळे रंग कालवणाऱ्याला ओला रंग पाहतानाच अंतिम छटेचा अंदाज घ्यावा लागतो. एकाच चित्राचे आठ-दहा वेगवेगळे रंगमेळ काढले जातात आणि प्रत्येक मेळासाठी हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तेव्हा आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे की कापड हाताचे नाही, रंगांची फोड आणि काठ हाताचे आहेत, आणि छपाई यंत्र व हात यांच्या मधली आहे.

प्रश्न : काठ हाताने वळलेला आहे हे कसे ओळखावे? माझ्या स्कार्फचा काठ एका कोपऱ्यात उसवला आहे. आमच्या इथे पिको करून घेतला तर चालेल का? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : कृपया पिको करू नका. पिकोचे यंत्र कापडाची कड दाट टाक्यांनी घट्ट बांधते. साडीला ते योग्य असते, पण ट्विलच्या स्कार्फची कड त्यामुळे ताठ होते आणि गाठ मारताना कापड नीट वळत नाही.

फ्रेंच पद्धतीत काठाच्या या कामाला 'रूलोताज' म्हणतात. कारागीर कापडाची कड बोटांच्या चिमटीत किंचित ओलसर करून गोल वळत जातो आणि त्याच रंगाच्या रेशमी दोऱ्याने आतून टाके घालत पुढे सरकतो. एर्मेसच्या स्कार्फवर ही वळकटी छापील, म्हणजे दर्शनी बाजूकडे असते. इतर अनेक ठिकाणी ती मागच्या बाजूला वळवतात, त्यामुळे केवळ दिशेवरून खरे-खोटे ठरवू नये. हाताचा काठ बोटाला गुबगुबीत आणि गोल लागतो, टाक्यांमधले अंतर बहुतेक सारखे असले तरी अगदी मोजून घेतल्यासारखे नसते, आणि कोपऱ्याला कापडाचा ढीग न होता छोटेसे टोक येते. यंत्राचा काठ चपटा असतो आणि त्याच्यावरून सरळ शिलाई धावते. चारी बाजू मिळून साडेतीन मीटरांहून अधिक काठ वळायचा असतो, आणि सरावलेल्या हातालाही त्याला अर्धा तास ते पाऊण तास सहज लागतो.

आपला उसवलेला कोपरा हाताने काम करणाऱ्या रफूगाराकडून दुरुस्त करता येईल. त्याला बारीक सुई आणि एकेरी रेशमी दोरा वापरायला सांगावे, आणि जुना काठ जिथे शाबूत आहे तिथपासून तीच वळकटी पुढे नेण्यास सांगावे. उसवलेली कड कापून सरळ करू देऊ नये, कारण मग चौरस तिरका होतो.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात तुतीची लागवड करून कोष जालन्याच्या बाजारात विकतो. अशा महागड्या कापडाला कोणते रेशीम लागते? आपल्या कोषांपासून ते होऊ शकेल का? (एक शेतकरी)

उत्तर : या पत्राने मला विशेष आनंद झाला, कारण स्कार्फविषयी बोलताना अळी पाळणाऱ्याची आठवण सहसा कोणाला होत नाही.

अशा कापडाला सर्वांत आधी धाग्याचा एकसारखेपणा लागतो. कापड मऊ विणीचे आणि त्यावरचा रंग सपाट असल्यामुळे धागा एखाद्या ठिकाणी बारीक झाला तरी छपाईनंतर तिथे रेघ दिसते. कोष उकलताना सात ते नऊ कोषांचे तंतू एकत्र घेऊन एक धागा तयार करतात. त्यांतला एक तंतू तुटला आणि नवा कोष वेळेवर जोडला गेला नाही, तर धागा तेवढ्या लांबीपुरता बारीक पडतो. कच्चे रेशीम तपासताना धागा काळ्या फळ्यांवर गुंडाळून उजेडात पाहतात आणि त्याला प्रत देतात. ६ए ही त्यातली वरची प्रत आहे. एर्मेसला ब्राझीलच्या पराना राज्यातून रेशीम जाते. तिथे जपानी स्थलांतरितांनी हा उद्योग रुजवला.

आपण बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) जातीचे कोष घेत असाल तर त्यांच्या तंतूची लांबी साधारण हजार मीटरपर्यंत जाते आणि मूळ कच्चा माल त्या दर्जाचा होऊ शकतो. पुढचा प्रश्न संगोपनाचा आणि धागा काढण्याचा आहे. अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठी ठेवलेल्या चौकटीवर, चढल्यावर शेडमध्ये दमटपणा राहिला तर कोष नीट उकलत नाही आणि तंतू वारंवार तुटतो. डबल कोष (दोन अळ्यांनी मिळून विणलेले) आणि डागी कोष वेगळे काढले नाहीत तर चांगल्या कोषांचा धागाही खराब होतो. स्वयंचलित रीलिंग यंत्रावर, एकाच प्रतीचे कोष मोठ्या प्रमाणात सातत्याने मिळाले, तरच वरची प्रत हाती येते. एका चांगल्या कोषातून पाव ग्रॅमच्या थोडे वर कच्चे रेशीम मिळते आणि त्यावरचा डिंकासारखा सेरिसिन काढला की वजन आणखी पाव हिश्शापर्यंत घटते, म्हणून अशा एका स्कार्फमागे सुमारे तीनशे कोष लागतात.

फ्रान्समध्ये एकेकाळी स्वतःचे कोष पिकत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेशीम अळ्यांच्या पेब्रिन या रोगाने ते उद्ध्वस्त केले. लुई पाश्चर यांनी १८६५ पासून त्यावर काम केले आणि अंडी घातलेल्या मादी पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून रोगट अंडी बाजूला काढण्याची पद्धत बसवली. आपण जे रोगमुक्त अंडीपुंज विकत घेता, त्यांच्यामागे आजही मादीची हीच तपासणी असते. फ्रान्सच्या शेतकऱ्याला मात्र ती उशिरा मिळाली. तोवर आशियातले कच्चे रेशीम ल्योंच्या बाजारात येऊ लागले होते, आणि आता ल्योंचे मोठे माग परदेशी धाग्यावरच चालतात.

प्रश्न : ऑनलाइन 'शुद्ध रेशीम, हाताने बनवलेला' असा स्कार्फ दीड हजार रुपयांना मिळतो. त्यावर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : रेशीम शुद्ध असू शकते. त्यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेले 'सिल्क मार्क' लेबल पाहावे. ते धाग्याची शुद्धता सांगते, हाताच्या कामाविषयी काही सांगत नाही. काठातून निघालेला एखादा धागा जाळल्यावर केस जळल्यासारखा वास आला आणि चुरगळता येईल अशी राख उरली तर तो रेशीम असण्याची शक्यता मोठी, आणि कडक गोळी उरली तर तो पॉलिएस्टरसारखा कृत्रिम धागा आहे.

'हाताने बनवलेला' या शब्दांची परीक्षा काठावर करावी, आणि मग स्कार्फ उलटून पाहावा. स्क्रीनने छापलेला रंग मागच्या बाजूलाही भरपूर उतरतो, तर डिजिटल छपाईत मागची बाजू बहुधा फिकट दिसते. डिजिटल छपाई वाईट नाही. थोड्या प्रती काढणाऱ्या तरुण चित्रकारांना तिच्यामुळेच स्वतःचे काम रेशमावर आणता येते. पण तिला हातछपाई म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

प्रश्न : असा स्कार्फ घरी धुवावा का आणि कसा ठेवावा? (एक वाचिका, मडगाव)

उत्तर : महागडा आणि अनेक रंगांचा असेल तर ड्रायक्लीनिंग करावे. घरीच धुवायचा असेल तर आधी कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा आणि रंग उतरला तर पाण्यात घालूच नये. रेशीम हे प्रथिन आहे, म्हणून कपड्यांची नेहमीची क्षारयुक्त पावडर त्याला हळूहळू खाते. थंड पाणी आणि सौम्य द्रव साबण वापरावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवा पसरून वाळवावा. इस्त्री कोमट असावी आणि उलट बाजूने, वर मलमल ठेवून करावी. काठावरून मात्र ती कधीही फिरवू नये, कारण एकदा चपटी झालेली वळकटी पुन्हा पहिल्यासारखी गोल होत नाही. अत्तर आधी लावून ते वाळल्यावरच स्कार्फ गळ्यात घालावा.

गोव्याच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास बुरशीचे डाग पडतात. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावा, दर काही महिन्यांनी घडी बदलावी आणि पावसाळा संपल्यावर दिवसभर सावलीत वारा द्यावा. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवावा. डांबरगोळ्या वापरायच्याच असतील तर त्या कापडाला टेकू देऊ नयेत.