छातीतल्या एऑर्टाचा फुगा: स्टेंट घालायचा की थांबायचं?

प्रश्न: डॉक्टर, बाबा 68 वर्षांचे, बीपी आहे, बिडी खूप ओढायचे. खोकल्यासाठी सीटी काढला तर छातीतून खाली जाणारी एऑर्टा (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) 6.2 सेंमी फुगलीये असं आलं. दुखत वगैरे काहीच नाही. सर्जन म्हणतात जांघेतून स्टेंट घालू. काकांचा हार्टचा स्टेंट झालाय, दोन दिवसांत घरी आले, हे तसंच असतं का? काही नवीन प्रयोग तर नाही ना? आणि त्रास नाही तर थांबलं तर? – एक वाचक, सांगली

उत्तर: आधी शेवटचं सांगतो, त्रास नाही म्हणून थांबू नका. हा फुगा बहुतेकदा फुटेपर्यंत गप्पच असतो आणि फुटला की अनेकदा हॉस्पिटल गाठायलाही वेळ मिळत नाही. या भागात साधारण 5.5 सेंमीच्या पुढे गेलं की दुरुस्तीचा विचार करतात, बाबा त्याच्या पुढे आहेत.

काकांचा स्टेंट म्हणजे तीनेक मिलिमीटरची उघडी जाळी, अरुंद झालेली नस उघडी ठेवायला. बाबांचा तीन-चार सेंमी रुंद, धातूच्या जाळीवर कापड चढवलेलं, फुग्याच्या वर आणि खाली चांगल्या भिंतीला घट्ट बसतो आणि रक्त त्याच्या आतून जातं म्हणजे फुग्यावर दाब येत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना साधारण 2 सेंमी धड भाग लागतो, तो आहे का हे सर्जनना नक्की विचारा. प्रयोग मात्र नाही हो, युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये वोलोदोस या सर्जननी 1987 सालीच असा स्टेंट घातला होता आणि 1994 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. डेक यांच्या टीमने 13 पेशंटचा अनुभव छापला.

छाती उघडत नाहीत म्हणून धोका नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मणक्यातल्या मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या बारीक नसा इथूनच निघतात, जास्त लांबी झाकली तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून ऑपरेशननंतर सिस्टर सारख्या येऊन पाय हलवा, अंगठा वर करा म्हणतात, बाबांनी वैतागू नये, आणि पाय जड वाटला तर राउंडची वाट न बघता लगेच सांगायचं, कारण बीपी थोडं वाढवून किंवा मज्जारज्जूभोवतीचं पाणी पाठीतून काढून पायाची ताकद परत येऊ शकते. स्ट्रोकचाही धोका असतो, कमी पण असतो.

आणि लोक हमखास सोडतात ते म्हणजे नंतरचे सीटी. कडेने रक्त पुन्हा फुग्यात शिरू शकतं आणि पेशंटला कळतही नाही, म्हणून साधारण महिन्याने, वर्षाने आणि मग दरवर्षी, आयुष्यभर. बीपीच्या गोळ्या चालूच, बिडी बंद म्हणजे बंद. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक कुणी लिहून दिली तर एऑर्टाचं आधी सांगा, त्यांनी भिंत कमजोर होऊ शकते.

तोपर्यंत छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखं दुखलं तर थेट इमर्जन्सीला न्या, गॅसची गोळी देत बसू नका. दुसरं मत घ्यायचं तर जरूर घ्या, फक्त जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर सीटीची सीडी न्या, मापं त्यावरूनच घेतात.