आरोपपत्र लिहायला बसण्याआधी

प्रिय,

प्रशिक्षण संपलं, चारही कामगार संहितांची टिपणं काढून झाली, असं तू कळवलंस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू आहेत, तेव्हा तो अभ्यास हवाच होता. पण कारखान्यात एचआरच्या खुर्चीवर बसल्यावर पहिली परीक्षा घेतं ते गैरवर्तनाबद्दल कामगाराला द्यायचं आरोपपत्र. डोमेस्टिक एन्क्वायरी, म्हणजे कंपनीने स्वतः केलेली चौकशी, कोर्टात टिकली नाही की दोष चौकशी अधिकाऱ्याला दिला जातो, पण बहुतेक वेळा खड्डा आधीच, आरोपपत्रात खणलेला असतो.

एक गैरसमज आधी दूर कर. औद्योगिक संबंध संहितेनुसार स्थायी आदेशांचा (नोकरीच्या अटी, गैरवर्तन आणि शिस्तीची कारवाई यांच्या लेखी नियमांचा) भाग ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. महाराष्ट्रात पूर्वी हा आकडा ५० होता. म्हणून ‘आपल्याकडे १२० माणसं, चौकशी कशाला’ असं म्हणणारे मालक आता भेटतील. गैरवर्तनाचा ठपका ठेवून माणूस काढायचा तर त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं, हे तत्त्व आकड्यावर अवलंबून नाही. तसंच, नियुक्तीपत्रात ‘सुपरवायझर’ लिहिलं म्हणून तो कामगार राहत नाही, असंही समजू नकोस. कोर्ट तो प्रत्यक्ष काय काम करतो हे पाहतं. खरोखर पर्यवेक्षणाचं काम असेल, तरी संहितेतली महिना १८,००० रुपये वेतनाची मर्यादा तपासावी लागते.

आता आरोपपत्र. ‘आपण वारंवार बेशिस्त वर्तन करता व वरिष्ठांशी उद्धटपणे बोलता’ हे वाक्य शेकडो फायलींत सापडेल, आणि त्याला उत्तर देणं कोणालाच शक्य नाही. कधी? कोणाशी? काय बोलला? तारीख, पाळी, वेळ, जागा, मशीन क्रमांक, समोर कोण होतं आणि नेमकी कृती, इतकं हवं. शिवी दिली असेल तर ती शिवी जशीच्या तशी लिही. नवख्यांची लेखणी इथे अडते आणि ते ‘असभ्य भाषा वापरली’ असं सोवळं वाक्य लिहितात. मग साक्षीदार एक शब्द सांगतो, तक्रारीत दुसराच असतो आणि आरोप हवेत राहतो. घटनेखाली स्थायी आदेशांतलं गैरवर्तनाचं कलम शब्दशः उतरव. ‘आपण चोरी केली आहे हे सिद्ध झाले आहे’ असं चुकूनही लिहू नकोस. निकाल आधीच ठरला होता, याचा पुरावा तू स्वतः सही करून देशील. जुन्या मेमोंचा आधार शिक्षेसाठी घ्यायचा असेल तर तेही आधी त्याला कळव. जुन्या वर्तणुकीवर शिक्षा बेतायची तर माणसाला त्याची पूर्वसूचना हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सांगितलं आहे.

हे सगळं लिहिता यावं म्हणून घटनेच्या दिवशीच, पाळी सुटण्याआधी, साक्षीदारांचे जबाब घे, त्यांच्याच भाषेत आणि शक्यतो त्यांच्याच हस्ताक्षरात. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी काढून ठेव. चित्रण साठवणारा डीव्हीआर काही दिवसांनी जुन्यावर नवं लिहितो आणि मग आयटीवाल्याला कितीही फोन केले तरी उपयोग नसतो.

आरोपपत्र घ्यायला नकार दिला, तर दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखव, तसा शेरा वेळेसह तिथेच लिहून त्यांच्या सह्या घे आणि घरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठव. जुनं रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे पत्रावर ‘आरपीएडीने’ (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने) छापण्याची सवय सोडायला हवी. खुलासा आला की तो खरंच वाच. ‘चूक झाली असल्यास माफ करावे’ हा कबुलीजबाब होत नाही. त्यावर विसंबून चौकशी टाळली तर प्रकरण तिथेच गळतं.

निलंबन केलंस, तर निर्वाह भत्ता पगाराच्याच तारखेला गेला पाहिजे: पहिले ९० दिवस ५० टक्के, त्यानंतर उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. अकाउंट्सवाले ‘आधी हजेरी लावू दे’ म्हणून तो अडवतात. भारत गोल्ड माइन्सच्या प्रकरणात भत्ता न मिळालेला अधिकारी पैशांअभावी केरळातून कोलारला चौकशीला येऊ शकला नाही. त्याच्या गैरहजेरीत झालेली एकतर्फी चौकशी सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मोडीत काढली. चौकशीही निलंबनापासून साधारण ९० दिवसांत संपावी, अशी संहितेची अपेक्षा आहे.

चौकशी अधिकारी तक्रारदार नसावा, साक्षीदार नसावा, आणि घटनेच्या वेळी तिथे धावत गेलेला कारखाना व्यवस्थापक तर मुळीच नसावा. पहिल्या बैठकीत आरोप मराठीत वाचून समजावायचा आणि मान्य आहे का ते विचारायचं. मग कंपनीचे साक्षीदार, प्रत्येकाची उलटतपासणी, आणि त्यानंतरच कामगाराची बाजू. कामगारालाच आधी उभं करून प्रश्नांची सरबत्ती करणं ही फार जुनी आणि फार महागात पडणारी चूक आहे. साक्षीदारांचे आधीचे जबाब वापरणार असशील, तर त्यांच्या प्रती उलटतपासणीआधी दे. रोजनाम्याच्या, म्हणजे चौकशीच्या कामकाजाच्या नोंदीच्या, प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. सही नाकारली तर तसं लिहायचं. कामगार आलाच नाही, तरी साक्षी नोंदवाव्याच लागतात. गैरहजेरी म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे.

अहवालात प्रत्येक आरोपावर वेगळा निष्कर्ष आणि त्याची कारणं लागतात. तो हातात आला की एमडी साहेब लगेच बडतर्फीचं पत्र मागतील. थांबव त्यांना. अहवालाची प्रत कामगाराला देऊन त्यावर त्याचं म्हणणं मागवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या करुणाकर प्रकरणातल्या निकालापासून, म्हणजे १९९३ पासून ठरलेलं आहे. त्याच काळात एखादा औद्योगिक वाद (कामगार आणि मालक यांच्यातला खटला) प्रलंबित आहे का, तेही आधी तपास. त्या वादाशी संबंध नसलेल्या गैरवर्तनासाठी काढतानाही एक महिन्याचं वेतन आणि, वाद जिथे चालू आहे तिथे, मंजुरीचा अर्ज बडतर्फीसोबतच लागतो. तो अर्ज राहिल्यास बडतर्फीच टिकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २००२ चा निर्णय आहे, तो मात्र जुन्या औद्योगिक विवाद कायद्यावरचा आहे.

वकील म्हणतील, चौकशी सदोष ठरली तर कोर्टात पुन्हा पुरावा देता येतो. येतो, पण ती मुभा कैफियतीतच, म्हणजे कोर्टातल्या लेखी उत्तरातच, मागून ठेवावी लागते. शिवाय तोवर तुझा सुपरवायझर निवृत्त होऊन गावी शेती पाहत असतो आणि त्याला तो मशीन क्रमांकही आठवत नाही. म्हणून चौकशीची मूळ फाइल कपाटातच ठेव, पानांना क्रमांक घालून. वकिलाला झेरॉक्स दे.

तुझा,
एक जुना सहकारी